किनारा दिसतो, मामा

आज सकाळी रंकाळ्यावरून फिरून परतताना चौकात नवा डिजिटल फलक दिसला. पांढऱ्या गणवेशातला हसरा मुलगा, मागे निळे जहाज आणि वर ठळक अक्षरांत ‘दहावी पास? थेट जहाजावर! पगार डॉलरमध्ये.’ खाली मोबाईल क्रमांक होता, परवाना क्रमांक मात्र कुठेही नव्हता. घरी पोहोचेपर्यंत डोके शांत झाले नाही आणि हे लिहितानाही झालेले नाही.

माझ्या कागलच्या बहिणीचा मुलगा चार वर्षांपूर्वी अशाच एका जाहिरातीच्या नादाने गेला. सीडीसी, म्हणजे खलाशाचे सरकारी नोंदपुस्तक, हातात होती, जहाज मिळत नव्हते. म्हणून बेलापूरच्या एका एजंटाला अडीच लाख रुपये रोख दिले. ते मोजणारा मीच होतो. तीस वर्षे बँकेत कॅशियर असलेला माणूस पावती न मागता तिथून बाहेर पडला. भाच्याला मिळाला तो एक जुना टँकर. झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशातला. आखातातल्या एका बंदराबाहेर तो नांगर टाकून उभा राहिला. तिसऱ्या महिन्यात पगार थांबला, मग डिझेल आटले, मग गोडे पाणी. जनरेटर संध्याकाळी तासभर चालायचा, तेवढ्यात सगळ्यांनी फोन चार्ज करून घरी बोलायचे; त्यामुळे रोज रात्री साडेआठला बहिणीचे सारे घर एका मोबाईलभोवती बसायचे. एकदा त्याने कॅमेरा फिरवून परातीतला तांदूळ दाखवला. दोन माणसे त्यातले किडे निवडत होती. मग कॅमेरा समुद्राकडे वळवला आणि म्हणाला, “किनारा दिसतो, मामा. रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवेसुद्धा दिसतात.”

कायदा नाही, असे कोणी म्हणू नये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००६चा सागरी कामगार करार २०१३ मध्ये लागू झाला आणि भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. खलाशाला २४ तासांत किमान १० तास विश्रांती हवी, नोकरी लावून देण्यासाठी त्याच्याकडून पैसे घेता कामा नयेत, दोन महिने पगार थकला तर त्याला वाऱ्यावर सोडले असे मानावे आणि विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा पगार, अन्नपाणी व परतीचे भाडे द्यावे, हे सगळे त्यात लिहिलेले आहे. भाच्याच्या जहाजावरही त्या विम्याचे प्रमाणपत्र जेवणघराच्या भिंतीवर व्यवस्थित डकवलेले होते. त्याची मुदत संपली होती.

मग पाळायला लावायचे कोणी? झेंड्याच्या देशाला फक्त नोंदणीचे शुल्क हवे असते. मालक फोन उचलत नाही. बंदराचे निरीक्षक जहाज अडकवू शकतात, पण जहाज अडकले की त्यावरचा खलाशीही अडकतो, कारण माणसांविना जहाज नांगरावर ठेवता येत नाही आणि व्हिसाशिवाय त्याला किनाऱ्यावर पाऊल टाकता येत नाही. ज्याची मजुरी बुडाली त्यालाच पहारेकरी करून ठेवणारी ही व्यवस्था आहे. २०२४ या एका वर्षात ३,०००हून अधिक खलाशी असे सोडून दिले गेले आणि त्यांत सर्वाधिक भारतीय होते.

आपल्याकडे उसाचे बिल चौदा दिवसांत मिळाले पाहिजे, हा कायदा शेतकऱ्याला तोंडपाठ असतो. ते थकले की वाहने अडवली जातात, कारखान्याच्या दारात ठिय्या बसतो. टोलसाठी तर सारे शहर रस्त्यावर उतरले होते. शाहूंच्या गावात हक्क म्हणजे काय ते कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पण खलाशाचे नाव निघाले की मिसळीच्या टेबलावर हमखास ऐकू येते, “डॉलर कमावतात की, त्यांना कसले कामगार हक्क?” चांगल्या कंपन्या पगार वेळेवर देतात आणि परवाना असलेले एजंटही आहेत, हे मान्य आहे. त्या तांदळाच्या परातीला त्याचा काय उपयोग होता, ते मला कळलेले नाही.

भाचा साडेनऊ महिन्यांनी परत आला, निम्म्याहून कमी पगार घेऊन. बेलापूरच्या त्या कार्यालयाला तोवर दुसरे कुलूप लागले होते. पोलिसांनी तक्रार घेताना पावती मागितली. मी काय दाखवणार होतो? आजवर मी एजंटाला शिव्या घातल्या, पण रोख मोजताना माझ्या मनात एकच हिशेब होता की पोरगा एकदाचा मार्गी लागेल. नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर परवानाधारकांची यादी असते, हे पाहायला मला पाच मिनिटे लागली असती. बहिणीने मला याबद्दल कधी एक शब्द ऐकवला नाही. तिने काही बोलून टाकले असते तर बरे झाले असते.

दुपारी मी फलकावरच्या क्रमांकावर फोन केला. मुलगी फार गोड बोलत होती. “काका, मुलाचे वय किती?” मी परवाना क्रमांक विचारला. “तुम्ही ऑफिसला या, सर सांगतील,” असे म्हणून तिने फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलला नाही.

उद्या अकरा वाजता मी त्या ऑफिसला जाणार आहे. भाचा सुट्टीवर आला आहे, तोही येतो म्हणतो. ज्यांना सोबत यायचे असेल त्यांनी साडेदहाला त्या फलकाखाली थांबावे.