शून्य रेषा उज्जैनहून चोरीला गेलेली नाही

इंदुरातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज थोड्या थोड्या दिवसांनी उगवतो. आधी रामबागेतल्या कुणा काकांकडून येतो, मग सुदामानगरातल्या मावशींकडून. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री मोहन यादव यांनी विधानसभेत शून्य रेषा, म्हणजे जिथून रेखांश मोजायला सुरुवात होते ती रेषा, लंडनजवळच्या ग्रीनिचहून उज्जैनला आणण्यासाठी प्रयत्न करू असं सांगितलं, तेव्हापासून तर त्याला जोरच चढला आहे. मजकूर थोडक्यात असा: तीनशे वर्षांपूर्वीपर्यंत सगळ्या जगाची वेळ उज्जैनहून ठरत असे. उज्जैन ही पृथ्वीची नाभी आहे, कारण कर्कवृत्त आणि शून्य रेषा तिथेच एकमेकांना छेदतात. १८८४ मध्ये इंग्रजांनी ही रेषा पळवून ग्रीनिचला नेली आणि नकाशात भारताला कडेला ढकललं. म्हणून आजचे सगळे नकाशे मुळातच चुकीचे आहेत. शेवटी हात जोडलेले आणि ‘दहा जणांना पाठवा’.

यातला एक धागा खरा आहे, आणि तो खरा असल्यामुळेच बाकीचं सगळं खपतं. आपल्या सिद्धान्तकारांनी, म्हणजे जुन्या खगोलगणित्यांनी, लंकेपासून मेरूपर्यंत (उत्तर ध्रुवापर्यंत) जाणारी एक मध्यरेषा मानली होती. सूर्यसिद्धान्तात ती रोहीतक, अवंती आणि कुरुक्षेत्र यांवरून जाते असं म्हटलं आहे. अवंती म्हणजे उज्जैन. ग्रहगणित या रेषेसाठी करायचं आणि आपलं गाव तिच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला किती योजनं आहे ते पाहून देशांतर संस्कार, म्हणजे तेवढ्या फरकाची दुरुस्ती, द्यायचा, ही पंचांगकर्त्यांची रीत. ती अरबांनी उचलली. नवव्या शतकातल्या अल-ख्वारिझ्मीच्या कोष्टकांना उज्जैनच्याच रेखावृत्ताचा आधार होता आणि बाराव्या शतकात ती कोष्टकं लॅटिनमध्ये गेली. एवढं नक्की सांगावं आणि छाती फुगवूनही सांगावं.

पण ‘जगाची वेळ उज्जैनहून ठरे’? तीनशे वर्षांपूर्वी जगाची वेळ अशी काही गोष्टच नव्हती. सूर्य डोक्यावर आला की त्या गावात मध्यान्ह झाली, संपलं. रेखांश म्हणजे तरी काय, तर दोन ठिकाणच्या स्थानिक वेळेतला फरक: १५ अंशांना १ तास. उज्जैनची वेळ जगभर कळत असती, तर कुठल्याही जहाजाला आपली वेळ तिच्याशी ताडून भर समुद्रात आपला रेखांश सांगता आला असता. तो सांगता येत नव्हता, जहाजं खडकांवर फुटत होती. म्हणूनच १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने हा प्रश्न सोडवणाऱ्याला २०,००० पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं. एका वेळेची गरज भासली ती पुढे, आगगाडी आणि तारायंत्र आल्यावर. आपल्याकडेही १९०६ पासून ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबई आणि कलकत्ता आपापली वेळ त्यानंतर कित्येक वर्षं धरून बसले होते.

शून्य रेषाही एकच नव्हती. टॉलेमीने ती अटलांटिकमधल्या बेटांवरून धरली होती. फ्रान्सने १६३४ मध्ये त्याच बेटांतलं फेरो निवडलं, मग पॅरिसची स्वतःची रेषा काढली. ज्याच्याकडे वेधशाळा होती तो आपल्या दुर्बिणीखालून शून्य धरायचा. जगाची म्हणावी अशी एकच रेषा उज्जैनकडे नव्हती, मग पळवणार काय?

१८८४ कडे येऊ. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली आणि २५ देशांचे प्रतिनिधी आले. ग्रीनिचच्या बाजूने २२ मतं पडली, सान डोमिंगोने विरोध केला, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले. ग्रीनिचच का, याचं कारण अगदी व्यापारी होतं. जगातल्या जहाजवाहतुकीचा जवळपास ७२ टक्के टनभार आधीच ग्रीनिचवर बेतलेले सागरी नकाशे वापरत होता. ती रेषा निवडली की सगळ्यात कमी लोकांना नकाशे बदलावे लागणार होते. फ्रान्सचा रुसवा मात्र बराच काळ टिकला. १९११ मध्ये त्यांनी कायदा केला तो ‘पॅरिसची वेळ, ९ मिनिटं २१ सेकंद मागे’ अशा शब्दांत. ग्रीनिचचं नाव घेतलंच नाही!

इथे एक तक्रार रास्त आहे: त्या परिषदेत भारताला स्वतःचा आवाज नव्हता, आपल्या वतीने बोलायला ब्रिटिश अधिकारीच बसले होते. पण उज्जैनची रेषा तिथून हलवली गेली असं म्हणणं म्हणजे तेव्हा भारतातले नकाशे उज्जैनवर बेतलेले होते असं म्हणणं, आणि तसं मुळीच नव्हतं. ब्रिटिश सर्वेक्षक लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळून सुरू केलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे रेखांश मद्रासच्या वेधशाळेवरून मोजले जात. आणि गंमत अशी की, मद्रासचा ग्रीनिचपासूनचा रेखांशच सुरुवातीला नीट बसलेला नव्हता. तो अडीच मिनिटांच्या (घड्याळाच्या नव्हे, अंशाच्या साठाव्या भागाच्या) आसपास जास्त धरला गेला होता, म्हणजे जमिनीवर चारेक किलोमीटर. त्यामुळे सर्वेक्षण खात्याच्या जुन्या नकाशांच्या कडेला रेखांशातून इतकं वजा करा अशी टीप छापलेली सापडते. आख्खा देश एकमेकांशी अचूक जुळलेला, आणि सगळाच्या सगळा चार किलोमीटर सरकलेला. नकाशाशास्त्रात मला याहून मजेदार चूक माहीत नाही. शून्य कुठेही धरा, मापन पक्कं असेल तर नकाशा टिकतो, हे तिच्यातून जितकं कळतं तितकं शंभर मेसेजमधून कळणार नाही.

आता कर्कवृत्त. इथे मेसेजवाल्यांना आपण घरच्या अंगणात पकडू शकतो. उज्जैनचा अक्षांश सुमारे २३ अंश ११ मिनिटं, कर्कवृत्त आज २३ अंश २६ मिनिटांवर. म्हणजे ते उज्जैनच्या उत्तरेला साधारण २८ किलोमीटरवर, महिदपूर तालुक्यातल्या डोंगला गावाजवळून जातं. तिथे वराहमिहिर वेधशाळा उभी राहिली ती याच कारणाने. ‘आज सरकलं असेल, पूर्वी उज्जैनवरच होतं,’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. सरकतं हे खरं. पृथ्वीच्या आसाचा कल बदलतो, त्यामुळे कर्कवृत्त दरवर्षी साधारण १४-१५ मीटर सरकतं. पण सरकतं दक्षिणेकडे! दोन हजार वर्षांपूर्वी ते २३ अंश ४२ मिनिटांच्या आसपास होतं, उज्जैनपासून आजच्यापेक्षा दुप्पट लांब. ते उज्जैनपर्यंत पोहोचायचं आहे, अजून सुमारे दोन हजार वर्षांनी.

माझा शब्द कशाला, भास्कराचार्यांचा घ्या. ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत ते म्हणतात की अवंती विषुववृत्तापासून पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या भागाइतकी उत्तरेला आहे. ३६० भागिले १६, म्हणजे साडेबावीस अंश. सूर्याची परमक्रांती, म्हणजे कर्कवृत्ताचा अक्षांश, आपले सिद्धान्तकार २४ अंश धरत. त्यांच्याच आकड्यांनी उज्जैन कर्कवृत्ताच्या दीड अंश खाली येतं.

यावर हमखास येणारा प्रश्न: मग २१ जूनला उज्जैनच्या जिवाजी वेधशाळेत सावली नाहीशी होते ती कशी? सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेली ही वेधशाळा ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये दुरुस्त करून घेतली आणि गोविंद सदाशिव आपट्यांनी ती पुन्हा चालती केली. त्या दिवशी शंकुयंत्राभोवती, म्हणजे सावली मोजायच्या उभ्या काठीभोवती, गर्दी होते आणि लोक ‘गेली, गेली’ म्हणून टाळ्या पिटतात. जाते कुठे? एक मीटर उंच काठीची सावली तेव्हा ५ मिलिमीटरच्या आसपास असते, आणि सूर्य हा ठिपका नसून अर्ध्या अंशाची थाळी असल्यामुळे तेवढीशी सावली धूसर होऊन डोळ्यांना दिसत नाही. सूर्य नेमका डोक्यावर येतो तो उज्जैनला १२ जूनच्या आसपास आणि पुन्हा जूनअखेरीला.

इंदूर आणखी दक्षिणेला आहे, म्हणून आपल्याकडे फरक डोळ्यांनी दिसतो. ढग नसतील तर २१ जूनला गच्चीवर एक मीटरची सरळ काठी ओळंब्याने उभी करा आणि घड्याळात साडेबाराला एक-दोन मिनिटं कमी असताना पाहा. सव्वा सेंटिमीटरची सावली दिसेल, आणि ती दक्षिणेकडे पडलेली असेल. सूर्य आपल्याही उत्तरेला गेलेला असतो. वर्षातले बाकीचे बहुतेक सगळे दिवस दुपारची सावली उत्तरेला पाहिलेल्या माणसाला हे पाहून जरा चक्रावल्यासारखं होतं. मेसेज पुढे ढकलण्यापेक्षा यात मजा जास्त आहे.

‘पृथ्वीची नाभी’ याबद्दल काय बोलायचं? गोलाच्या पृष्ठभागाला मध्य नसतो. श्रद्धेने नाभी म्हणा, त्याला भूगोलाची हरकत नाही. भूगोलाची साक्ष तेवढी काढू नका. सिद्धान्तातली लंकाही विषुववृत्तावर, उज्जैनच्या थेट दक्षिणेला मानलेली आहे, आणि तिथे आज नुसता समुद्र आहे. कुरुक्षेत्र तर उज्जैनच्या रेषेच्या शंभरेक किलोमीटर पूर्वेला पडतं. दुर्बीण नाही, तार नाही, अशा काळात इतक्या लांबच्या गावांत घड्याळाच्या चारेक मिनिटांचीच चूक! यात त्यांची हुशारी दिसते. मेसेज त्यांना दैवी ठरवून ती हुशारीच झाकून टाकतो.

भारत नकाशात कडेला ढकलला, हा मुद्दा दोन ओळींचा. नकाशाचा मध्य आणि शून्य रेषा यांचा काही संबंध नाही. जपानी आणि चिनी शाळांच्या भिंतींवर प्रशांत महासागर मध्ये असतो, शून्य मात्र ग्रीनिचचंच.

राहिलं ‘रेषा परत आणा म्हणजे नकाशे बरोबर होतील’. सगळ्या रेखांशांतून ७५.७७ वजा केल्याने राजवाडा ते छत्री बागेचं अंतर एक वीतभरही बदलत नाही. तुमच्या मोबाइलमधलं शून्य तर ग्रीनिचच्या दुर्बिणीवरही नाही. उपग्रहांसाठी पृथ्वीच्या वस्तुमानमध्याला धरून जी रेषा ठरली, ती त्या दुर्बिणीच्या १०२ मीटर पूर्वेला, बागेतल्या पायवाटेवरून जाते. वेधशाळेच्या आवारातल्या जुन्या रेषेच्या पट्टीवर दोन बाजूंना पाय ठेवून फोटो काढणारे पर्यटक मोबाइलवर शून्य शोधतात आणि त्यांना ते तिथे सापडत नाही. जगाचं घड्याळही आता अनेक देशांतल्या आण्विक घड्याळांच्या सरासरीवर चालतं, आणि आपल्याकडची वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते.

तरीही हट्टाने शून्य उज्जैनला आणलं, तर आपलं इंदूर त्या रेषेपासून जेमतेम ९ किलोमीटरवर येईल. तेवढी शान मलाही आवडेल. पण शून्यासमोरची १८० अंशांची रेषाही मग सोबत सरकते. आज ती बहुतांश प्रशांत महासागरातून जाते, म्हणून तिथे वाररेषा, म्हणजे जी ओलांडली की वार बदलतो ती रेषा, ठेवणं सोयीचं पडतं. जी काही बेटं आडवी आली त्यांच्यासाठी ती वाकवली आहे. उज्जैनच्या बरोबर समोरचं रेखावृत्त १०४ अंश पश्चिमेच्या जवळपास येतं: कॅनडातून खाली, अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातून डेन्व्हरच्या पूर्वेकडून, आणि पुढे मेक्सिकोतून. रस्त्याच्या अलीकडे सोमवार, पलीकडे मंगळवार. तिथल्या लोकांना कबूल करायला कोण जाणार, तेही मेसेजमध्ये लिहायला हवं होतं.