चिमटा सहा इंच वाढवला की विषय हार्ड?

"मागचा चिमटा शॉकच्या मागं काप, सहा इंचाचा जाड तुकडा घाल, वेल्डिंग मार. गाडी लांब झाली की आपोआप स्थिर होते. वेल्ड मूळ लोखंडापेक्षा मजबूत असतो. शॉक आहेत तिथंच राहू देत, चेनला तुकडा जोड." चिमटा म्हणजे स्विंगआर्म, मोटरसायकलचं मागचं चाक धरून वरखाली हलणारा दुहेरी दांडा. तो लांब करण्याचा हा सल्ला सध्या मोबाईलवरून मोबाईलवर फिरतोय, आणि वर पुस्ती असते: उद्यमनगरात काय होत नाही! होतं की. कोल्हापूरच्या या कारखान्यांच्या भागात लेथ, बोरिंग, ओतकाम सगळं हाकेच्या अंतरावर. म्हणूनच काळजी वाटते. दुसऱ्या गावात असला सल्ला गप्पांत विरतो, कोल्हापुरात तो संध्याकाळपर्यंत गाडीला लागतो.

लांब गाडी स्थिर, हे अर्धं खरं. सरळ रस्त्यावर वेगात ती कमी डगमगते, पुढचं चाकही सहज उचलत नाही. ड्रॅग रेसवाले त्यासाठीच चिमटा वाढवतात, त्यांना वळायचं नसतं. आपल्याला पन्हाळा चढायचा असतो, गगनबावड्याहून करूळ घाट उतरायचा असतो. व्हीलबेस (दोन्ही चाकांच्या मध्यांमधलं अंतर) १३५० मिमी आणि चालवणाऱ्यासकट वजन पुढंमागं निम्मं-निम्मं धरलं, तर सहा इंच म्हणजे १५२ मिमी वाढवल्यावर मागच्या चाकावर जेमतेम ४५ टक्के उरतं. पावसात उतारावर मागचा ब्रेक दाबला की ते चाक आधीपेक्षा लवकर लॉक होणार. वळायला जागाही जास्त लागणार.

शॉक आहेत तिथंच ठेवायचे, हे तर सगळ्यात घातक. पिव्हटपासून (चिमटा फ्रेमला जिथं फिरता जोडलेला असतो तिथून) ॲक्सलपर्यंतचं (मागच्या चाकाच्या आसापर्यंतचं) अंतर ४५० मिमीचं ६०० झालं आणि शॉक हलवले नाहीत, तर चाकापाशी जाणवणारा स्प्रिंगचा कडकपणा ४५० भागिले ६०० याच्या वर्गाइतका, म्हणजे ५६ टक्केच राहतो. मागं कुणी बसलं की टायर मडगार्डला घासायला लागतो. शिवाय ट्विन शॉकच्या (दोन्ही बाजूंना एकेक शॉक असलेल्या) गाडीत शॉकचा खालचा बोल्ट ॲक्सलच्या १०० मिमी पुढं असेल, तर खड्ड्यातला दणका ब्रॅकेटपाशी चिमटा वाकवतो तो या १०० मिमीच्या तरफेनं. ती २५० मिमीची केली की वाकवणारा जोर अडीच पट होतो, आणि नवा वेल्ड नेमका तिथंच बसलेला असतो. ब्रॅकेट मागं सरकवला तर शॉक आडवा पडतो, मग वरचा माउंटही हलवायचा, म्हणजे फ्रेमला हात. माझं विचाराल तर दोन इंचांच्या वर जायचं कामच नाही, आणि तेवढ्यालाही स्प्रिंग नव्यानं निवडायची.

आता जाड तुकडा. ४० बाय ६० मिमीचा चौकोनी पाईप २ ऐवजी ३ मिमी जाडीचा घेतला तर वजन ४७ टक्के वाढतं आणि वाकण्याला विरोध ४२ टक्के. जाडी २ मिमीच ठेवून उंची ६० ची ८० केली, तर वजन २१ टक्के वाढतं आणि विरोध दुप्पट होतो. जाडीपेक्षा उंचीत पैसा घाला. बाजूला लवण्याचं गणित आणखी कडक आहे: दांडा ४५० चा ६०० केला की त्याच जोराला तो सुमारे २.४ पट लवतो. म्हणून पिव्हटजवळ दोन्ही दांड्यांना बांधणारा भक्कम ब्रिज हवाच, नाहीतर वळणात शेपूट हलणार.

वेल्ड ओढून तोडायच्या चाचणीत मूळ लोखंडापेक्षा मजबूत ठरतो, कबूल. पण चिमटा एका ओढीत तुटत नाही, लाखो छोट्या दणक्यांनी थकून तुटतो. चीर सुरू होते ती बीडच्या (वेल्डच्या उंचवट्याच्या रेघेच्या) काठाला, जिथं अंडरकट, म्हणजे वितळून पडलेली बारीक खाच, राहिलेला असतो. पाईप काटकोनात कापून भोवती बीड फिरवला की सगळे कमजोर काठ एका रेषेत येतात. त्यावर ग्राइंडर, पुट्टी आणि काळा रंग. मग चीर दिसणार कशी? जोड टाळून अखंड दांड्यांचा नवा चिमटाच बनवा. ॲल्युमिनियमचं तर नावच नको: ६०६१-टी६ हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू वेल्डजवळ सुमारे ४० टक्के ताकद गमावतो, पुन्हा हीट ट्रीटमेंट केल्याशिवाय ती येत नाही.

वेल्ड थंड होताना ओढ खातो, त्यामुळं जिगशिवाय, म्हणजे भाग जागेवर पक्के धरणाऱ्या सांगाड्याशिवाय, काम नको. पिव्हट आणि ॲक्सलच्या जागी सरळ शाफ्ट घालून जिगवर आवळायचे, टॅक (वेल्डचे छोटे टिपके) मारायचे, कर्ण मोजायचे, मग आलटून पालटून दोन्ही बाजूंना वेल्ड. पिव्हटचं भोक नेमक्या मापाला बोअर करायचं ते शेवटी.

चेनचं थोडक्यात: १२.७ मिमी पिचच्या (दोन पिनांमधल्या अंतराच्या) चेनला सहा इंचांसाठी २४ कड्या लागतात, वर बारा आणि खाली बारा. झिजलेल्या चेनला नवा तुकडा जोडू नका, पूर्ण चेन बदला. ड्रम ब्रेकचा टॉर्क रॉड (ब्रेकची प्लेट फिरू न देणारी दांडी) आणि ब्रेक रॉडही लांब लागतो, याचा त्या सल्ल्यात उल्लेखच नाही.

कायद्याचाही नाही. आरसीवर व्हीलबेस मिमीमध्ये नोंदलेला असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीतला तपशील उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलापासून बदलेल असा फेरफार करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं आणलेल्या कलम १८२अ मध्ये त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. म्हणजे हे काम ट्रॅकवरच्या किंवा शोच्या गाडीपुरतंच. तिथंही रंग मारण्याआधी डाय पेनेट्रंट टेस्ट करून घ्या. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत कास्टिंगची तपासणी करणाऱ्यांना ती चांगली ठाऊक आहे: लाल डाय लावायचा, पुसायचा, पांढरा डेव्हलपर मारायचा. बीडच्या काठाला केसाएवढी लाल रेघ उमटली तर तो चिमटा भंगारात.