कंपन्या दान करतात ते टॅक्स वाचवायला? आधी हिशोब तरी बघा

गेले आठ दिवस एक मेसेज फिरतोय, सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आला, काल मामांनी पण पाठवला. म्हणे कंपन्या दानधर्म करतात तो फक्त टॅक्स वाचवायला, त्यांच्या खिशातून एक पैसा जात नाही, सरकारने सगळ्यांवर दोन टक्के लादलेत म्हणून देतात आणि त्यातलाही बराच पैसा परदेशात जातो, इथल्या गरिबाला काही मिळत नाही. मी अंधेरी एमआयडीसीत एका छोट्या कंपनीचे अकाउंट्स बघते, वीस वर्षं हेच करतेय, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी टॅक्सचं, कारण तेच लोकांना लगेच पटतं. सीएसआरचा, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले दोन टक्के समाजकामावर खर्च करायचा कायदा, कंपनी कायद्याचं कलम १३५, १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं आणि त्याच वर्षीच्या फायनान्स अ‍ॅक्टमध्ये स्पष्ट लिहिलं की हा खर्च धंद्याचा खर्च म्हणून धरायचा नाही. म्हणजे बघा, जाहिरातीवर १०० रुपये घातले तर ते नफ्यातून वजा होतात, पण तेच १०० सीएसआरमधून शाळेच्या संडासावर घातले तर होत नाहीत. मग लोक म्हणतात ८०जी, म्हणजे देणगीवर टॅक्सची सूट देणारं कलम, आहे ना! आहे, काही देणग्यांवर मिळतं. पण १०० दिले, ५० ची सूट मिळाली, टॅक्स ३० टक्के धरला तर वाचले १५, मग उरलेले ८५ कुठून गेले, खिशातूनच ना? आणि ज्या कंपन्यांनी टॅक्सचा २२ टक्क्यांचा कमी दर घेतलाय त्यांना तर ८०जी मिळतच नाही.

दोन टक्के सगळ्यांना, हे पण चूक. नेटवर्थ, म्हणजे देणी वजा जाऊन उरलेली मालमत्ता, ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातलं एक तरी असेल तरच, आणि तेही मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यावर. आमची कंपनी याच्या आसपासही नाही. तरी आमचे शेठ दरवर्षी जूनच्या आधी एका म्युनिसिपल शाळेसाठी वह्या घेतात, बिल माझ्याच टेबलावर येतं, कोणी सांगितलेलं नाही, बंधन नाही.

आता परदेशाचं. सीएसआरच्या नियमात भारताबाहेर केलेलं काम धरतच नाहीत, अपवाद एकच, आपल्या खेळाडूंचं ट्रेनिंग. म्हणजे परदेशात काही द्यायचं तर त्या दोन टक्क्यांच्या वरून द्यावं लागतं. आणि दिलं तरी मला त्यात गैर वाटत नाही, खरं सांगते. १९०९ मध्ये सर रतन टाटांनी दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या लढ्याला २५,००० रुपये पाठवले, पुढे पुढे एकूण सव्वा लाख झाले. तेव्हा मुंबईत गरिबी नव्हती का? त्यांचे मोठे भाऊ दोराबजी, त्यांच्या ट्रस्टने परळला टाटा हॉस्पिटल उभं केलं, २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं, आज ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. माझ्या आईची केमो तिथेच झाली. सकाळी सातला लाइनीत नांदेडची माणसं, बिहारची, बंगालची, आणि राहायला कित्येकजण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. इतक्या लांबून माणसं इथे येतात, आणि आपण इथला-बाहेरचा करत बसतो! माहीमचा कॉजवे घ्या, लेडी अवाबाई जीजीभॉय यांनी १,५७,००० रुपये दिले आणि अट घातली की टोल घ्यायचा नाही. १८४५ ला खुला झाला. त्या घराण्याची बरीचशी कमाई चीनबरोबरच्या अफूच्या व्यापारातली होती, तेही लपवायचं कारण नाही, पण रस्ता आपण आजही वापरतो.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र मला पटते. फोटोची हौस. मागच्या वर्षी आरेजवळच्या एका पाड्यावरच्या शाळेत एका मोठ्या कंपनीचे लोक आले, भिंती रंगवल्या, केवढा तरी बोर्ड लावला, आणि पोरांना पाणी प्यायचा नळ तसाच गळत राहिला, बाईंनी दोनदा सांगून पण. यावर बोला, जरूर बोला. ज्यांना हा कायदा लागतो त्यांना सीएसआरच्या प्रोजेक्टची माहिती स्वतःच्या वेबसाइटवर टाकावी लागते, ती उघडा आणि विचारा की आमच्या वॉर्डात काय केलंत. शिवाय ठरलेले पैसे खर्च केले नाहीत आणि नियमाप्रमाणे वेगळ्या खात्यात किंवा सरकारी फंडातही टाकले नाहीत तर २०२१ पासून दंड आहे, रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी, जे कमी असेल ते.

हे सगळं लिहायला बसले कारण शेठच्या वह्या यंदा पुरत नाहीत म्हणून परवा बिल्डिंगमध्ये वर्गणी मागायला गेले, तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी दारातच मोबाइल पुढे केला, हाच मेसेज. म्हणाले, हे सगळे खातात गं, मी देणार नाही. आणखी दोन घरांनी तेच सांगितलं. शाळा जूनमध्ये उघडतेय आणि अजून चाळीस पोरांच्या वह्या कमी आहेत.