लग्नाचा चाळिसावा वाढदिवस आणि ७७७ रुपये

आई-बाबांच्या लग्नाला परवा चाळीस वर्षं झाली. एरवी दोघं डेक्कनला थाळी जेवून नऊच्या आत घरी. यंदा मीच हट्ट धरला, जरा चांगल्या ठिकाणी जाऊ. कोरेगाव पार्कात दहा दिवस आधी टेबल बुक केलं. नाव लिहीत नाही, कमेंटमध्ये भांडणं नकोत.

आत अंधार इतका की बाबांनी मोबाइलची बॅटरी लावून मेन्यू वाचला. "लाइट गेलेत का रे?" आईनं विचारलं. ती चेष्टा करत नव्हती.

'मॉडर्न महाराष्ट्रीयन' म्हणून अळूवडी मागवली. काळ्या दगडावर चार वड्या, वर कसलासा फेस, ५९५ रुपये. पहिल्याच घासाला आई थांबली. "चिंच घातलेली नाहीये यांनी." दोन मिनिटांत माझा घसा खाजायला लागला. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात. म्हणून तर आपल्याकडे अळूला चिंच चुकत नाही. मॅनेजर म्हणाला, "शेफनी फ्लेवर क्लीन ठेवलाय, मॅम." आईनं एका दमात ग्लासभर पाणी संपवलं.

बाकीचं बरं होतं. लक्षात राहील असं काही नाही.

मग डेझर्टची प्लेट आली. त्यावर चॉकलेट सॉसनं लिहिलेलं, 'हॅपी बर्थडे'. बुकिंग करताना मी दोनदा सांगितलं होतं हो! आईनं मुकाट्यानं खाल्लं, वाया कशाला घालवायचं म्हणून. ती खात असतानाच निरोप: "सर, सव्वानऊचं रिझर्व्हेशन आलंय."

महाग आहे याची तक्रार नाही, भाव बघूनच गेलो होतो. माझं डोकं फिरलं ते बिलावर. जेवण ७,४००. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, ७४०. आणि त्या चार्जसकट सगळ्यावर ५ टक्के जीएसटी. एकूण ८,५४७. म्हणजे उठवल्याबद्दलही आपणच पैसे द्यायचे, वर त्यावर कर!

बाबा बँकेतून रिटायर झालेत. पुन्हा बॅटरी काढली. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलंय. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये हरल्या. मॅनेजरचं एकच, "मेन्यूवर खाली लिहिलंय सर." बाबा शांतपणे म्हणाले, "लिहिलंय म्हणून चालतं असं नाही. १९१५ ला फोन लावू का?" हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. पाच मिनिटांत नवीन बिल आलं, ७,७७०.

वाढणारा मुलगा मात्र गुणी होता. परभणीकडचा. आईनं मराठीत बोलायला सुरुवात केल्यावर जरा मोकळा झाला. चार्जमधलं तुला किती मिळतं, असं बाबांनी विचारलं तर नुसता हसला. निघताना बाबांनी त्याच्या हातात पाचशेची नोट ठेवली.

गाडीत बसल्यावर आई म्हणाली, "सातशे सत्त्याहत्तर वाचवायला एवढं भांडलात आणि पाचशे देऊन आलात."

"दोनशे सत्त्याहत्तर तरी वाचले ना?"

"शंभर पार्किंगवाल्याला दिलेत. एकशे सत्त्याहत्तर."