चिरा हवाच, पण सडा पडीक नाही

जांभ्याला 'कच्चा दगड' म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटणार नाही. कोकणातला बेसॉल्ट लाखो वर्षं ऊन-पावसात कुजला, त्यातली सिलिका धुऊन गेली, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे उरलं, तो हा जांभा. खाणीतून निघतो तेव्हा मऊ, वाऱ्यावर ठेवला की कडक होतो. विजयदुर्गाची तटबंदी याच दगडाची. घरांची जोती, गडगे, विहिरी, देवळांचे चौथरे, सगळीकडे हाच.

मात्र त्याचा स्वभाव ओळखून वागायला हवं. जुन्या गोव्याचं बॉम जेझस चर्च १६०५ मध्ये उभं राहिलं, तेव्हा त्याला बाहेरून चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात तो खरवडून काढला. दगड उघडा पडला, आणि आता तो पाऊस पितो, झिजतो. लोक मात्र त्या लाल रंगालाच मूळ रूप समजून फोटो काढतात.

पूर्वी चिरे, म्हणजे जांभ्याचे कापलेले ठोकळे, हातानं काढत, त्यामुळे खाण गावाच्या गरजेपुरती असायची. आता रुळांवरून गोल पाती फिरतात, आधी उभे काप, मग आडवे. ट्रक भरून घाट चढतात. या धंद्यावर बरीच घरं चालतात, कर्नाटकातून आलेली मजूर कुटुंबं खाणीच्या कडेलाच पत्र्याच्या खोपटात राहतात. खाणी बंद करा, असं मी म्हणत नाही.

माझा राग सड्याला, म्हणजे जांभ्याच्या उघड्या सपाट पठाराला, 'पडीक' म्हणण्यावर आहे. सड्यावर पडलेला पाऊस सच्छिद्र जांभ्यातून मुरतो, खालच्या चिकणमातीवर अडतो आणि खाली वाडीतल्या झऱ्याला, विहिरीला येतो. सडा खोल कापला की त्या पाण्याची वाटच बदलते. पावसाच्या सुरुवातीला तिथे दीपकाडी फुलते, जी कोकणाबाहेर कुठेच नाही. आणि कातळशिल्पं! कशेळीचा हत्ती, बारसू, देवीहसोळ, उक्षी. या चारही जागा २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. हे सगळं त्याच जांभ्यावर कोरलेलं आहे, आणि यंत्राच्या पात्याला शिल्प आणि चिरा यांतला फरक कळत नाही.

म्हणून परवान्याआधी गावातल्या जाणत्या माणसांना, गुराख्यांना घेऊन सडा पायी फिरून बघा. कातळावरची खोद त्यांना ठाऊक असते. खाली झरा असेल तिथे किती खोल कापायचं ते आधी ठरवा. आणि खड्डा बुजवण्याचे पैसे पहिला चिरा निघायच्या आधी भरून घ्या, कारण दगड संपल्यावर खाणवाला पुढच्या सड्यावर गेलेला असतो.

तुमच्या गावात नीट बुजवलेली एखादी चिरेखाण असेल, तर गावाचं नाव खाली लिहा. मला ती बघायला यायचंय.