‘१८५७ ची अस्सल मार्टिनी-हेन्री’: खुलासा

पंचवटीतल्या एका वाड्याच्या माळ्यावर सापडलेल्या बंदुकीचे फोटो दोन दिवस नाशिकच्या ग्रुपांवर फिरतायत. सोबत मजकूर: ‘भागोजी नाईकांच्या उठावातली, १८५७ ची अस्सल मार्टिनी-हेन्री.’

हे जमत नाही. मार्टिनी-हेन्री ब्रिटिश फौजेने स्वीकारली १८७१ मध्ये. नाशिक-नगर भागातल्या भिल्लांच्या उठावाचे नेते भागोजी नाईक १८५९ मध्येच धारातीर्थी पडले होते. १८५७ ची गाजलेली काडतुसं ज्या एन्फिल्ड बंदुकीची, ती नळीच्या तोंडातून भरायची, बाहेर ठसठशीत घोडा (बार उडवणारा हातोडा, चाप नव्हे) असलेली. फोटोतल्या बंदुकीला बाहेर घोडाच नाही आणि चापामागे लांब लोखंडी दांडा आहे. तो खाली ओढला की आतला ठोकळा पुढच्या बाजूने खाली झुकतो, मग एक काडतूस घालायचं. रचना मार्टिनीचीच, यात वाद नाही.

पण अस्सल? उजव्या बाजूचा फोटो मोठा करून बघा. मुकुट, खाली ‘व्ही. आर.’ (म्हणजे राणी व्हिक्टोरिया), मग ‘एन्फिल्ड’ (इथे कारखान्याचं नाव), त्याखाली १८५७. त्या ‘एन्फिल्ड’मधलं ‘एन’ अक्षर उलटं कोरलंय! मुकुटही वेडावाकडा, चेपलेल्या मोदकासारखा. अक्षरांची अशी गफलत खैबर खिंडीकडच्या कारागिरांनी हाताने घडवलेल्या नकलांवर हमखास दिसते. त्यात अशक्य साल. माझ्या मते ही नक्कलच. तीही जुनी असू शकते, टाकाऊ नव्हे.

मालकांना एवढंच: ब्रासो, पॉलिश पेपर लावू नका. खुणा पुसल्या की पारखायला काही उरत नाही. आणि परवान्याचं आधी पोलिसांकडे विचारा.