‘दोनशे वॅटची भीती कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पॅनेल स्पीकरना (खोक्याऐवजी मोठ्या सपाट पडद्यातून आवाज देणाऱ्या स्पीकरना) कोणता अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे अ‍ॅम्प, लागतो या माझ्या लेखावर तुम्ही आकड्यांसह लिहिलंत, म्हणून उत्तरही आकड्यांतच देतो. नंतर येणाऱ्या वाचकांसाठी तुमचे तीन आक्षेप आधी थोडक्यात मांडतो. पहिला: ‘पॅनेल स्पीकरला किमान २०० वॅटचा अ‍ॅम्प हवाच’ असं लिहून मी लोकांना उगाच घाबरवलं, कारण तुमच्या मित्राचे क्वाड ईएसएल-५७ हे जुने इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनेल स्पीकर पंधरा वॅटच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवर छान वाजतात. दुसरा: इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरचा इम्पीडन्स (करंटला होणारा अडथळा, ओहममध्ये) २० किलोहर्ट्झला दीड ओहमपर्यंत घसरला तरी तिथे संगीतच नसतं, त्यामुळे तो आकडा फक्त कागदावरचा. तिसरा: तुमचे मॅग्नेपॅन १.७ हे चुंबकांवर चालणारे पॅनेल स्पीकर शंभर वॅटच्या रिसीव्हरवर (टीव्ही-सिनेमासाठीच्या अ‍ॅम्पवर) वर्षभर चालू आहेत. उन्हाळ्यात रिसीव्हर अधूनमधून बंद पडतो, पण ते विजेच्या चढउतारामुळे.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. ते वाक्य चुकीचं होतं आणि लेखात बदललं आहे. ‘पॅनेल’ या एका शब्दात मी दोन अगदी वेगळी यंत्रं कोंबली होती. मॅग्नेपॅनमध्ये पातळ पडद्यावर धातूची तार किंवा पट्टी चिकटवलेली असते आणि मागे चुंबकांच्या रांगा असतात. अ‍ॅम्पला समोर दिसतो तो जवळजवळ शुद्ध चार ओहमचा रेझिस्टन्स. इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये दोन जाळ्यांच्या मधे उच्च दाबाने भारित केलेला पडदा असतो, म्हणजे मुळात तो कपॅसिटर, आणि त्याच्यापुढे व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर. पहिल्याला खरीखुरी पॉवर लागते आणि ती पॉवर उष्णतेत जाते. दुसरा पॉवर फारशी खात नाही. तो करंट ओढतो आणि परत अ‍ॅम्पवरच ढकलतो. या दोघांना एकच वॅटचा आकडा सांगण्यात अर्थ नव्हता.

तुमच्या मित्राची जोडी का जमते, तेही यावरूनच कळतं. ईएसएल-५७ हा १९५७ चा, इंग्लंडमधल्या हंटिंग्डनच्या पीटर वॉकर यांचा स्पीकर. त्याला इनपुटला शिखराचे (एका क्षणी जास्तीत जास्त) ३३ व्होल्ट ही मर्यादा आहे. क्वाड-टू व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचे १५ वॅट १६ ओहमवर मोजले तर शिखराला साधारण २२ व्होल्ट होतात. म्हणजे तो अ‍ॅम्प कितीही रेटला तरी पॅनेलला धोका नाही. याच स्पीकरला ८ ओहमवर १०० वॅट देणारा आधुनिक अ‍ॅम्प लावला, तर शिखराला ४० व्होल्ट जातात. मग ट्रेबल (वरच्या सुरांच्या) पॅनेलमध्ये ठिणगी उडते आणि पडद्याला भोक पडतं. ईएसएल-५७ मध्ये यापासून संरक्षण काहीच नाही. म्हणून त्याच्यासाठी माझा सल्ला आता उलटा आहे: ८ ओहमला ६५ वॅटच्या वर जाऊ नका, किंवा जायचंच असेल तर इनपुटला व्होल्टेज आवळून धरणारं क्लॅम्प सर्किट आधी बसवून घ्या. १९८१ च्या ईएसएल-६३ मध्ये संरक्षण आहे, पण ठिणगीची चाहूल लागली की ते इनपुटच शॉर्ट करतं. शॉर्ट सहन न होणारा अ‍ॅम्प अशा वेळी स्वतःच जळू शकतो.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मुंबईत आणि कोकणपट्टीत पावसाळ्यात जुन्या इलेक्ट्रोस्टॅटिकचा आवाज बारीक होतो, मधूनच चटचट ऐकू येते. पॅनेलवरची धूळ ओल धरते आणि पडद्यावरचा चार्ज गळतो. दोष मात्र अ‍ॅम्पला दिला जातो, आणि मोठा अ‍ॅम्प आणून नेमकी नको ती गोष्ट केली जाते. आधी अ‍ॅम्प बंद करून डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायर अदलाबदल करा. बारीक आवाज त्याच स्पीकरकडे राहिला तर दोष पॅनेलचा, दुसऱ्या बाजूला सरकला तर अ‍ॅम्पचा किंवा त्याच्या मागचा.

आता दुसरा आक्षेप. २० किलोहर्ट्झला संगीतात ऊर्जा नगण्य असते, हे खरं. पण इम्पीडन्स तिथे अचानक कोसळत नाही. मार्टिनलोगन इलेक्ट्रोमोशन ईएसएल ६ ओहमचा म्हणून विकला जातो आणि २० किलोहर्ट्झला १.६ ओहमवर येतो. कपॅसिटरच्या हिशेबाने १० किलोहर्ट्झला तो तीन ओहमच्या आसपास असणार. टाळ, झांज, तबल्याची चाट, तानपुऱ्याच्या जवारीचे वरचे स्वर यांचा बराच भाग ५ ते १० किलोहर्ट्झपर्यंत पोहोचतो. तिथे संगीत भरपूर आहे.

शिवाय अडचण फक्त ओहमची नाही, फेजची (व्होल्टेज आणि करंट वेगवेगळ्या क्षणी शिखर गाठण्याची) आहे. समजा अ‍ॅम्पचा सप्लाय ४० व्होल्टचा आहे. चार ओहमच्या शुद्ध रेझिस्टन्सवर आउटपुट ट्रान्झिस्टरला एका क्षणी जास्तीत जास्त १०० वॅट उष्णता सोसावी लागते. तेच चार ओहम पूर्ण कपॅसिटिव्ह असतील तर करंट शिखरावर असतो तेव्हा आउटपुटचं व्होल्टेज शून्य असतं. ट्रान्झिस्टरवर ४० व्होल्ट आणि त्यातून १० अँपियर, म्हणजे ४०० वॅट. स्पीकर त्यातलं काहीच खात नाही, सगळी उष्णता अ‍ॅम्पमध्ये. खरा स्पीकर पूर्ण कपॅसिटिव्ह नसतो, त्यामुळे भार या दोन्हींच्या मधे कुठेतरी पडतो. पण संरक्षणाचं सर्किट जागं व्हायला तेवढं पुरतं. आणि अ‍ॅम्प लगेच बंद पडत नाही. आधी झांज खरखरीत लागते, आणि आपण रेकॉर्डिंगला नावं ठेवतो.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या बाबतीत तर ऐकू येणारा फरक सरळ हिशेबाने निघतो. अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स २ ओहम धरला, तर वरच्याच स्पीकरवर ६ ओहमच्या भागाच्या तुलनेत २० किलोहर्ट्झला साडेचार डेसिबलपर्यंत कमी मिळतात. ०.०५ ओहमच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर ही घट ०.२ डेसिबल असते. अ‍ॅम्पला ८ ओहमऐवजी ४ ओहमचा टॅप (स्पीकर जोडायचं वेगळं टर्मिनल) असेल तर तो वापरून पाहा, आउटपुट इम्पीडन्स साधारण निम्मा होतो. वायरचंही असंच. दीड चौरस मिमीची पाच मीटर वायर जाऊन-येऊन ०.१२ ओहम घालते, म्हणजे वरच्या टोकाला जवळपास अर्धा डेसिबल. चार चौरस मिमीची साधी तांब्याची वायर घ्या, काम झालं. वेणीसारख्या गुंफलेल्या महागड्या केबलची कपॅसिटन्स जास्त असते. काही अ‍ॅम्प त्यामुळे ऑसिलेट होतात (आपोआप कंपत राहतात), विनाकारण गरम होतात. या स्पीकरांसाठी ती घेऊच नये. क्लास-डी (स्विचिंग पद्धतीचा) अ‍ॅम्प घ्यायचा तर फीडबॅक (चूक सुधारण्यासाठी आउटपुटकडून परत घेतलेला सिग्नल) आउटपुट फिल्टरच्या नंतरून घेतलेला आहे का, एवढं विचारा. हायपेक्स एनकोर आणि प्युरिफाय या अ‍ॅम्प मॉड्यूलमध्ये तो तसा आहे. फिल्टरच्या आधीच घेतलेला असेल तर वरचा ट्रेबल स्पीकरप्रमाणे बदलतो.

‘मर्यादेत चालणारे सगळे चांगले अ‍ॅम्प सारखेच ऐकू येतात’ या तुमच्या म्हणण्याशी माझा फारसा वाद नाही. वाद आहे तो मर्यादा कुठे संपते याचा. तुमचा रिसीव्हर ती रोज ओलांडत असावा असं मला वाटतं, आणि ते तुम्ही घरीच तपासू शकता.

हिशेब असा. मॅग्नेपॅन १.७ ची संवेदनशीलता (ठरावीक व्होल्टेजला किती आवाज) २.८३ व्होल्टला, एक मीटरवर ८६ डेसिबल. चार ओहमवर २.८३ व्होल्ट म्हणजे दोन वॅट, एक नव्हे. जाहिरातीत हे दिसत नाही. दोन स्पीकरचे ३ मिळवा, तीन मीटर अंतराचे खोलीसकट साधारण ६ वजा करा: बसण्याच्या जागी ८३. शिखराला १०० डेसिबल हवे असतील तर व्होल्टेज सातपट, म्हणजे २० व्होल्ट. चार ओहमवर ते १०० वॅट आणि पाच अँपियर. आणखी तीन डेसिबलला २०० वॅट. रिसीव्हरवर छापलेले १०० वॅट मात्र ८ ओहमचे आहेत.

तपासणीसाठी रिसीव्हर डायरेक्ट मोडवर (आवाजात फेरफार न करणाऱ्या सेटिंगवर) टाका. ४०० हर्ट्झची, उणे २० डेसिबल पातळीची साइन टोनची फाइल मिळवा. तुम्ही जास्तीत जास्त ज्या आवाजात ऐकता तिथे व्हॉल्यूम ठेवा, फाइल वाजवा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. प्रोब एकमेकांना टेकू देऊ नका. ४०० हर्ट्झच निवडा, कारण त्याच्या वर स्वस्त मीटर चुकीचं दाखवतात. आलेला आकडा दहाने गुणा, की रेकॉर्डिंगच्या शिखराला लागणारं व्होल्टेज मिळालं. मीटरवर १.८ आलं तर १८ व्होल्ट, ८१ वॅट. दमसास पुरेसा आहे, माझं म्हणणं मागे घेतो. ३.२ आलं तर ३२ व्होल्ट, २५६ वॅट. ते तुमच्या रिसीव्हरकडे नाहीत आणि शिखरं छाटली जात आहेत.

उन्हाळ्यात बंद पडणं हे उष्णतेचं लक्षण जास्त वाटतं. विजेचा दोष असता तर बंद पडण्याची वेळ आवाजाशी जुळली नसती, आणि तुम्हीच लिहिलंय की मोठ्याने सिनेमा लावल्यावर अर्ध्या तासात होतं. रिसीव्हर टीव्हीखालच्या बंद कपाटात असेल तर आधी बाहेर काढा, वर १५ सेंमी मोकळं ठेवा. मागे ४ ओहमचा स्विच असेल तर त्याने जादा करंट मिळत नाही. बहुतेक रिसीव्हरमध्ये तो आतला सप्लाय कमी करून उष्णता कमी करतो, आणि क्लिपिंग (शिखरं छाटली जाणं) आणखी लवकर येतं. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये स्पीकर ‘स्मॉल’ करून ८० हर्ट्झच्या खालचं काम सबवूफरला द्या. यानेच सर्वांत मोठा भार उतरेल. रिसीव्हरच्या ऑटोमॅटिक ईक्यूने (आवाज आपोआप जुळवणाऱ्या सोयीने) ४० हर्ट्झचा खड्डा, म्हणजे तिथे कमी पडणारा आवाज, भरायला ६ डेसिबल वाढवले असतील तर ते काढा, कारण तेवढ्याने चौपट पॉवर लागते आणि पडदा मागे आपटतो. पॅनेल मागच्या भिंतीपासून तीन फूट तरी पुढे आणा, खड्डा बराचसा तिथेच भरतो.

एवढं करूनही दहाने गुणलेला आकडा ३० च्या वर येत असेल, तर रिसीव्हर विकायची गरज नाही. त्याच्या प्री-आउटला (दुसऱ्या अ‍ॅम्पला सिग्नल देणाऱ्या सॉकेटला) स्टीरिओ पॉवर अ‍ॅम्प जोडा. दोन्ही चॅनेल चालू असताना ८ ओहमला १५० आणि ४ ओहमला किमान २५० देणारा बघा. हे गुणोत्तर १५० ला १८० असं दिसलं तर तो सोडून द्या, त्याचा सप्लाय आधीच थकलेला आहे. ट्वीटरचा (वरच्या सुरांच्या भागाचा) फ्यूज उडाला तर कंपनीने दिलेल्याच रेटिंगचा घाला, मोठा नको. क्लिपिंगमध्ये त्या बारीक धातूच्या पट्टीला वाचवणारा तोच एक आहे.

मोजणीचा आकडा इथे लिहा, आणि त्या वेळी रिसीव्हरवर व्हॉल्यूम किती होता तेही. त्यावरून कोणता अ‍ॅम्प पुरेल ते नेमकं सांगता येईल.